लॅपटॉपला काहीच जोडलेलं नाही, तरी ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’? आतला दोषी असा शोधा

लॅपटॉपला माउस नाही, पेनड्राइव्ह नाही, मोबाइलची केबलही नाही. तरी उजव्या कोपऱ्यात ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’ अशी सूचना येते, जाते, पुन्हा येते. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली उपकरणांची यादी, उघडावा तर पिवळ्या त्रिकोणासकट ‘अननोन यूएसबी डिव्हाइस, डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ आणि आत बिघाडाचा क्रमांक, कोड ४३. कधी हे मिनिटामिनिटाला चालतं, कधी आठवडाभर सगळं सुरळीत असतं आणि नेमकं मीटिंगच्या वेळी पुन्हा सुरू होतं. बॅटरी नेहमीपेक्षा लवकर उतरते. झाकण लावून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप बाहेर काढताना गरम लागतो.

बाहेर काही जोडलेलं नसेल तर गोंधळ घालणारं उपकरण आतच असतं. हे पटकन लक्षात येत नाही, कारण यूएसबी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बाजूची खाच येते. प्रत्यक्षात वेबकॅम जवळपास प्रत्येक लॅपटॉपमध्ये यूएसबीवरच चालतो. ब्लूटूथ बहुतेक वेळा यूएसबीवर, फिंगरप्रिंट रीडरही बऱ्याचदा. काही मॉडेलांत टचस्क्रीन आणि एसडी कार्ड रीडर, गेमिंग लॅपटॉपांत रंगीत दिव्यांचा कीबोर्ड. टचपॅड मात्र हल्ली बहुतेक ठिकाणी आय-टू-सी नावाच्या वेगळ्या मार्गावर असतो, त्यामुळे त्याच्यावर सहसा संशय घ्यायचं कारण नाही.

या तक्रारीवर दोनच सल्ले मिळतात : ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) पुन्हा टाका, नाहीतर फॉरमॅट मारा. माझं मत स्पष्ट आहे. वरचा संदेश जसाच्या तसा येत असेल तर दोन्ही वाया. का, ते आधी समजून घेतलं की पुढची शोधाशोध निम्म्यावर येते.

ड्रायव्हर का लागू पडत नाही

यूएसबीत डेटाच्या दोन तारा असतात, डी-प्लस आणि डी-मायनस. उपकरणाला वीज मिळाली की ते दीड किलोओहमच्या रेझिस्टरने यांतली एक तार वर खेचतं. कॅमेरा, ब्लूटूथ वगैरे मंडळी डी-प्लस खेचतात. एवढ्यावरून कंट्रोलरला, म्हणजे लॅपटॉपमधल्या यूएसबी सांभाळणाऱ्या भागाला, कळतं की या पोर्टवर कुणीतरी आलंय. मग तो रीसेट देतो आणि १८ बाइटांची ओळख मागतो, तिलाच डिव्हाइस डिस्क्रिप्टर म्हणतात. त्यात उपकरण बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक असतो, उत्पादनाचा क्रमांक असतो. हजेरीला पोराने हात वर केला, पण नाव विचारल्यावर तोंडातून शब्दच फुटला नाही, तर मास्तर कुणापुढे खूण करणार? विंडोजची तीच पंचाईत होते. ड्रायव्हर निवडायचा तो त्या क्रमांकांवरून, आणि क्रमांकच हाती आलेले नाहीत.

खात्री करायची तर त्या अननोन डिव्हाइसवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, मग ‘डिटेल्स’ टॅबवर यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. व्हीआयडीच्या (कंपनीच्या क्रमांकाच्या) पुढे चार शून्यं दिसली की समजायचं, उपकरणाने नाव सांगितलेलं नाही. तिथे खराखुरा क्रमांक असेल, म्हणजे इंटेलचा ८०८७, रिअलटेकचा ०बीडीए, चिकोनीच्या कॅमेऱ्याचा ०४एफ२ किंवा गुडिक्सच्या फिंगरप्रिंटचा २७सी६, तर गोष्ट वेगळी. उपकरण बोलतंय, फक्त पुढे गाडी अडलीये. अशा वेळी कोड २८ असेल तर ड्रायव्हर बसलेलाच नाही. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा घ्या आणि विषय संपला. कोड १० असेल तर ड्रायव्हर बदलून पाहण्यात अर्थ आहे. चार शून्यं असतील तर ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर’ देणाऱ्या पैसे मागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी अजिबात लागू नका. तो पैसा पुढे केबलला लागेल.

याच प्रक्रियेतून आणखी एक कामाची गोष्ट निघते. डी-प्लस किंवा विजेची तार तुटली तर कंट्रोलरला काही कळतच नाही. उपकरण गुपचूप यादीतून नाहीसं होतं. डी-मायनस तुटली तर हात वर होतो, पण बोलणं होत नाही. म्हणजे ‘अननोन’ दिसतंय तोवर उपकरणाला बहुधा वीज पोचतेय आणि किमान एक तार शाबूत आहे. अशा केसेस दुरुस्त होण्याची शक्यता पूर्ण गायब झालेल्या उपकरणापेक्षा मला तरी जास्त वाटते.

कॅमेरा पूर्ण गायब आहे आणि अननोनही काही दिसत नाही, अशी तक्रार असेल तर आधी लॅपटॉपच्या कडेला छोटा सरकता खटका आहे का आणि वरच्या ओळीतल्या एखाद्या कळीवर कॅमेऱ्यावर फुली मारलेलं चित्र आहे का, ते पाहा. काही लॅपटॉपांत हा खटका कॅमेऱ्याचा संपर्कच तोडतो, आणि मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॅमेरा नावालाही उरत नाही. पिशवीत घासून खटका सरकलेला असतो आणि माणूस बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारं लॅपटॉपचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करत बसतो.

आधी बाहेरच्या खाचा, मग वीज पूर्ण तोडणं

आत शिरण्याआधी बाजूच्या यूएसबी खाचांत टॉर्च मारून बघा. आतली पांढरी किंवा निळी जीभ वाकलेली, पत्रे एकमेकांना टेकलेले, नाहीतर कापसाचा बोळा आणि हिरवट थर. दोन पत्रे टेकले की रिकाम्या पोर्टवरही कंट्रोलरला ‘कुणीतरी आलं’ असं वाटू शकतं. कोकणात, मुंबईत पावसाळ्यानंतर हे जास्त दिसतं. टाचणीने टोकरू नका. लाकडी टूथपिक आणि हवा मारायचा रबरी फुगा पुरे.

तिथे काही नसेल तर पुढची पायरी अशी, जी मी कुठलंही सेटिंग उघडण्याआधी करतो. लॅपटॉप बंद करताना शिफ्टची कळ दाबून धरा आणि मग ‘शट डाउन’ म्हणा. नुसतं शट डाउन केलं तर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच पुन्हा उचलला जातो. बंद झाल्यावर चार्जर काढा. बॅटरी निघणारी असेल तर काढा. निघणारी नसेल तर तळाशी सुईच्या टोकाएवढं रीसेटचं भोक आहे का पाहा, लेनोवोच्या बऱ्याच थिंकपॅडांमध्ये ते असतं. नसेल तर पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. नंतर चार्जर लावून सुरू करा.

हे टोटक्यासारखं वाटतं, पण त्यामागे सरळ कारण आहे. ब्लूटूथच्या कार्डाला आणि कधीकधी फिंगरप्रिंटच्या चिपला लॅपटॉप बंद असतानाही थोडी वीज मिळत राहते. चिपमधलं फर्मवेअर, म्हणजे तिचं स्वतःचं छोटं सॉफ्टवेअर, अडकलं की रीस्टार्टने ते सुटत नाही, कारण रीस्टार्टमध्ये वीज जातच नाही. वीज पूर्ण तोडली की चिप पहिल्यापासून सुरू होते. ब्लूटूथचा कोड ४३ या एका उपायाने जाण्याची शक्यता चांगली असते. गेला आणि महिन्याभराने परत आला तरी हार्डवेअर बहुधा ठीक आहे. दोष फर्मवेअर, बायोस किंवा वीज वाचवण्याच्या सेटिंगमध्ये आहे. त्याबद्दल खाली.

अजिबात फरक पडला नाही, तर आता दोषी कोण ते शोधायचं.

विंडोजला जुनं सगळं आठवतं

डिव्हाइस मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘शो हिडन डिव्हायसेस’ आहे. त्यावर खूण केली की पूर्वी कधीतरी जोडलेली, सध्या नसलेली उपकरणं फिकट चिन्हांनी दिसू लागतात. जुने पेनड्राइव्ह, कुणाचातरी प्रिंटर, मोबाइल, आणि त्यांच्यातच एखाद वेळी फिकट झालेलं ‘इंटिग्रेटेड कॅमेरा’ किंवा ‘इंटेल वायरलेस ब्लूटूथ’. कुठलं आतलं उपकरण फिकट झालंय ते बघा. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये कोड ४५ असेल, म्हणजे सध्या हे जोडलेलं नाही. लॅपटॉपच्या आतला कॅमेरा ‘जोडलेला नाही’ असं विंडोज म्हणत असेल तर चोर जवळपास सापडला.

पक्कं करायला पोर्ट जुळवा. फिकट उपकरणाच्या ‘डिटेल्स’मध्ये ‘लोकेशन इन्फर्मेशन’ निवडा. तिथे ‘पोर्ट #०००५, हब #०००१’ अशा धर्तीचं काही दिसेल (हब म्हणजे अनेक पोर्ट जिथे एकत्र येतात ती जागा). आता अननोन डिव्हाइसचं लोकेशन बघा. तिथेही पोर्ट ५ आणि हब १ असेल तर दोन्ही एकच. आतल्या उपकरणांचे पोर्ट कारखान्यातच ठरलेले असतात, ते बदलत नाहीत.

कॅमेऱ्याच्या बाबतीत एक फसवणूक आहे. कॅमेरा बहुधा ‘यूएसबी कॉम्पोझिट डिव्हाइस’चा पोटभाग म्हणून नोंदलेला असतो, आणि पोटभागाचं लोकेशन पोर्ट-हबच्या भाषेत येत नाही. तिथे टिंबांनी तोडलेली लांबलचक आकड्यांची माळ येते : ०००० . ००१४ . ०००० . ००५ आणि पुढे शून्यंच शून्यं. घाबरायचं कारण नाही. ००१४ हा इंटेलच्या लॅपटॉपांतल्या यूएसबी कंट्रोलरचा पत्ता, आणि त्यानंतरचा शून्य नसलेला पहिला आकडा, इथे ५, हाच पोर्ट.

विंडोज नुकतंच फॉरमॅट झालेलं असेल तर ही जुनी आठवण पुसली गेलेली असते. फॉरमॅटला माझा विरोध असण्याचं हेही एक कारण. मग उलट्या बाजूने जायचं. कंपनीच्या साइटवर आपल्या मॉडेलमध्ये काय काय बसवलंय ते पाहायचं आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्यातलं काय दिसत नाही ते हेरायचं. ऑफिसात किंवा कॉलेजात त्याच मॉडेलचा दुसरा लॅपटॉप असेल तर त्याचे पोर्ट क्रमांक बघून घ्या. त्याच्यासारखं सोपं काही नाही.

मायक्रोफोन चालतोय म्हणजे कॅमेऱ्याची वायर ठीक असणार, असा एक तर्क नेहमी ऐकू येतो. तो खरा नाही. माइक कॅमेऱ्याच्याच पट्टीवर बसवलेले असले तरी त्यांचा सिग्नल सहसा थेट ऑडिओच्या चिपकडे जातो, यूएसबीशी त्याचा संबंध नसतो.

विंडोज की हार्डवेअर, हा वाद मिटवायचा

दुकानदार ‘विंडोज करप्ट झालंय’ म्हणतो, आपल्याला पटत नाही. हा वाद एका पेनड्राइव्हने मिटतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबुंटूचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स सिस्टीमचा) लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि ‘ट्राय उबुंटू’ निवडा. इन्स्टॉल करायचं नाही. डिस्कला हात लागत नाही. टर्मिनल उघडून सुडो, मग जागा, मग डी-एम-ई-एस-जी ही पाच अक्षरं, जागा, उणे चिन्ह आणि डब्ल्यू असा आदेश द्या. सगळी अक्षरं इंग्रजी, लहान लिपीतली. पडद्यावर कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या, नोंदी सरकू लागतात.

हार्डवेअर बिघडलेलं असेल तर तिथेही साधारण अशा ओळी येतात : ‘यूएसबी १-५, न्यू फुल-स्पीड यूएसबी डिव्हाइस नंबर २३’, लगेच खाली ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -७१’, मग ‘डिव्हाइस नॉट अ‍ॅक्सेप्टिंग अ‍ॅड्रेस’, आणि शेवटी ‘अनएबल टू एन्युमरेट यूएसबी डिव्हाइस’. मग नंबर २४, २५, असं चालूच. -७१ म्हणजे उत्तर आलं पण मोडकंतोडकं, -११० म्हणजे उत्तर आलंच नाही. १-५ म्हणजे पहिल्या बसवरचा (यूएसबीच्या पहिल्या मार्गावरचा) पाचवा पोर्ट. विंडोज सुरूच नसताना हे दिसल्यावर दोष विंडोजचा असूच शकत नाही. या पडद्याचा फोटो काढून ठेवा. वॉरंटीत लॅपटॉप असेल तर सर्व्हिस सेंटरच्या माणसापुढे तो धरा; ‘आधी फॉरमॅट करून बघू’ हे वाक्य तिथेच थांबतं.

त्या ओळीतला वेगाचा शब्दही वाचायला शिका. कॅमेरे हाय-स्पीडचे, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिटवाले असतात. ब्लूटूथ आणि बहुतेक फिंगरप्रिंट फुल-स्पीडचे, १२ मेगाबिटवाले. पोर्ट कॅमेऱ्याचा आहे हे ठरलेलं असताना नोंद फुल-स्पीडची येत असेल, तर कॅमेरा आणि कंट्रोलर यांच्यात हाय-स्पीडवर जायची बोलणी फिसकटताहेत, आणि वायर किंवा कनेक्टर खराब असल्याचा संशय बळावतो. लो-स्पीड लिहून आलं तर आणखीच संशयास्पद, कारण कॅमेरा किंवा ब्लूटूथ त्या वेगाचे नसतातच.

उबुंटूत तासभर एकही ओळ आली नाही आणि कॅमेरा व्यवस्थित चालला, तर मात्र दुकानदाराचं म्हणणं खरं असण्याची शक्यता आहे.

बिजागरी

कॅमेरा दोषी निघाला तर नव्वद टक्के लक्ष बिजागरीकडे द्या. कॅमेऱ्याच्या तारा डिस्प्लेच्या केबलबरोबर एकाच जुडग्यात बांधून बिजागरीतून खाली मदरबोर्डवर जातात. झाकण उघडताना-मिटताना दर वेळी त्यांना पीळ बसतो.

माझ्या वहिनी चिपळूणला शाळेत शिकवतात. त्यांच्या लॅपटॉपचं हेच दुखणं होतं. गावातल्या दुकानात फॉरमॅट करून झालं होतं. फोनवरचं बोलणं असं :

“भावोजी, फॉरमॅट मारून आणला तरी तेच. साधा पेनड्राइव्हसुद्धा लावलेला नाही.”

“वहिनी, कॅमेऱ्याचं अ‍ॅप उघडा आणि स्क्रीन हळूहळू मागे न्या. पार मागे नका नेऊ. आवाज आला की थांबा.”

“हं, इथे वाजलं. टुंग टुंग टुंग, एकाच सुरात. थांबा, जरा पुढे आणते. आता वेगळं वाजलं, दोन सुरांत. अगंबाई, मी दिसायला लागले की!”

विंडोजचे हे आवाज ऐकून ओळखता येतात. खालून वर जाणारे दोन सूर म्हणजे उपकरण जोडलं गेलं. वरून खाली येणारे दोन म्हणजे तुटलं. एकाच सुरातले तीन ठोके म्हणजे जोडायला गेलं पण जमलं नाही. झाकणाच्या एका कोनात दोन सूर आणि दुसऱ्या कोनात तीन ठोके येत असतील तर केबलशिवाय दुसरीकडे बघायची गरज नाही. वहिनींच्या लॅपटॉपची चौकट काढल्यावर डाव्या बिजागरीपाशी काळी चिकटपट्टी घासून गेलेली आणि तिच्याखालची एक बारीक तार उघडी पडलेली दिसली. नवी केबल घातली.

केबल मागवताना मॉडेलच्या नावावर मागवू नका. जुन्या केबलवर छोट्या पांढऱ्या चिठ्ठीवर पार्ट नंबर छापलेला असतो, बऱ्याचदा डीसी०२ किंवा डीडी० या अक्षरांनी सुरू होणारा. तो टिपून घ्या. एकाच मॉडेलमध्ये साध्या स्क्रीनला ३० पिनांची आणि टचस्क्रीनला किंवा जास्त रीफ्रेश रेटच्या स्क्रीनला ४० पिनांची, अशा दोन केबली असू शकतात, आणि चुकीची केबल बसत नाही. कॅमेऱ्याची पट्टी बदलायची झाली तरी तेच. काही पट्ट्या ३.३ व्होल्टवर चालतात, काही ५ व्होल्टवर. दिसायला सारखी म्हणून दुसऱ्या मॉडेलची लावली तर जळू शकते.

उघडण्याआधी चार्जर काढायचा आणि तळाचं झाकण काढून सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. त्याला अपवाद नाही. कनेक्टरवर पांढुरका किंवा हिरवट थर दिसला तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश वापरा, पूर्ण वाळू द्या. फिंगरप्रिंटची पट्टी केबल असेल तर ती ओढू नका. कनेक्टरची बारीक काळी पट्टी नखाने उचलली की केबल आपोआप सुटते. ओढून तोडलेली पट्टी केबल मिळवताना नाकी नऊ येतात. आणि लॅपटॉप वॉरंटीत असेल तर हा परिच्छेद तुमच्यासाठी नाही, स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा.

ब्लूटूथची गंमत

वायफाय चालतंय म्हणजे कार्ड चांगलं आहे, मग ब्लूटूथ का नाही? कारण एकाच कार्डावर दोन वेगळ्या वाटा आहेत. साध्या एम-डॉट-टू कार्डावर (मदरबोर्डावरच्या खाचेत बसणाऱ्या छोट्या कार्डावर) वायफाय पीसीआय एक्सप्रेसच्या रस्त्याने जातं आणि ब्लूटूथ यूएसबीच्या. कार्डाचा स्क्रू ढिला होऊन ते एका बाजूला किंचित उचललं गेलं तर एक वाट चालू आणि दुसरी बंद, असं होऊ शकतं. काढून, कडा पुसून, सरळ बसवून स्क्रू घट्ट करून बघा. अँटेनाच्या दोन बारीक तारा काढताना कुठली कुठे होती त्याचा मोबाइलवर फोटो काढा.

कार्ड बदलायचंच असेल तर इंटेलच्या नावांत एका आकड्याने घोळ होतो. एएक्स२०० आणि एएक्स२१० ही कार्डं स्वतंत्र आहेत. एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही तशी नाहीत. त्यांचं निम्मं काम इंटेलच्या चिपसेटमध्ये (मदरबोर्डावरच्या मुख्य चिपांच्या संचात) होतं, त्यामुळे एएमडीच्या प्रोसेसरवाल्या लॅपटॉपमध्ये ती चालतच नाहीत. काही जुन्या लॅपटॉपांचा बायोस ठरावीक कार्डंच स्वीकारतो, तेही आधी तपासा.

झोपेतून उठल्यावरच बंद पडत असेल तर

दिवसभर ठीक, पण स्लीपमधून उठवलं की ब्लूटूथ किंवा फिंगरप्रिंट नाही, हा प्रकार वेगळा. इथे विंडोज वीज वाचवायला उपकरणाला झोपवतं आणि ते नीट उठत नाही. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी रूट हब’च्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबवरची पहिली खूण काढा. नव्या लॅपटॉपांत यांतलं एखादं दिसणारही नाही. मग बायोस आणि चिपसेटचं अपडेट बघा. एरवी मी बायोस अपडेटचा भोक्ता नाही, पण यूएसबीच्या बाबतीत त्याने खरोखर फरक पडल्याची उदाहरणं आहेत. २०२१ मध्ये एएमडीने ५०० मालिकेच्या मदरबोर्डांवर यूएसबी मधूनच तुटतं हे मान्य केलं होतं, आणि उपाय बायोस अपडेटमधूनच आला. ते डेस्कटॉपचं प्रकरण होतं, तरी कंट्रोलर पातळीवरचा दोष तुमच्या सेटिंगने सुटत नाही एवढं त्यावरून कळतं.

दुरुस्त करायचं नसेल तर नीट बंद करा

जुना लॅपटॉप, फिंगरप्रिंट कधी वापरतच नव्हतो, दुरुस्तीचा खर्च परवडत नाही, हा निर्णयही योग्यच. पण मग त्या उपकरणाला तसंच बरळत ठेवू नका. ते सतत जोडायचा प्रयत्न करत राहतं, त्यामुळे यूएसबी कंट्रोलरला स्वस्थता मिळत नाही. बॅगेतला लॅपटॉप गरम होण्यामागे हेही असू शकतं.

सगळ्यात चांगली जागा बायोस. थिंकपॅडमध्ये ‘सिक्युरिटी’खाली ‘आय/ओ पोर्ट अ‍ॅक्सेस’मध्ये कॅमेरा, ब्लूटूथ, फिंगरप्रिंट वेगवेगळे बंद करता येतात. डेलच्या ऑफिस मॉडेलांतही कॅमेऱ्याचा पर्याय असतो. घरगुती स्वस्त मॉडेलांत हे पर्याय पुष्कळदा नसतात.

तिथे सोय नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या अननोन डिव्हाइसवर राइट क्लिक करून ‘डिसेबल’. सूचना बऱ्याचदा थांबतात, पण तार मधूनच जुळत-तुटत असेल तर हब दर वेळी नव्याने विचारपूस करणारच. म्हणून हा अर्धा उपाय. सेटिंग्जमध्ये यूएसबीच्या पानावर सूचनाच बंद करायचं बटण आहे, तो तर उपायही नाही. आवाज दाबला जातो, बॅटरी उतरतच राहते. रूट हब मात्र डिसेबल करू नका, त्याच्यासोबत बाहेरच्या सगळ्या खाचा आणि माउसही जाईल.

लिनक्सवाल्यांची इथे चैन आहे. २०२२ च्या उत्तरार्धापासूनच्या, म्हणजे ६.० आणि पुढच्या कर्नलमध्ये प्रत्येक पोर्टसाठी सिस फोल्डरच्या यूएसबी विभागात ‘डिसेबल’ नावाची फाइल असते. दोषी पोर्टच्या फाइलमध्ये रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून १ लिहिलं की तो पोर्ट गप्प. रीबूटनंतर ते पुसलं जातं, त्यामुळे सुरुवातीला आपोआप चालणाऱ्या एखाद्या स्क्रिप्टमध्ये टाकून ठेवावं लागतं.

यातलं काहीच जमत नसेल तर आतला कनेक्टर सोडवून ठेवणं हा खात्रीचा मार्ग. फिंगरप्रिंटची पट्टी केबल मदरबोर्डकडून निघते. कॅमेऱ्याची तार डिस्प्लेच्या केबलमध्येच गुंफलेली असल्याने तिथून सुटत नाही. स्क्रीनची चौकट उघडून कॅमेऱ्याच्या टोकाकडून सोडवावी लागते. सुटं टोक चिकटपट्टीने झाका.

बंद केल्यानंतर फरक पडला का, ते बघायला नव्या लॅपटॉपांत चांगलं साधन आहे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि पॉवरसीएफजी (इंग्रजीत एकच शब्द, मध्ये रेघ नाही), जागा, पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला लागूनच स्लीपस्टडी असा आदेश द्या. लॅपटॉप झोपलेला असताना कोण जागं होतं याचा अहवाल तयार होतो. त्यात आधी यूएसबी कंट्रोलर लाल रंगात वर दिसत असेल आणि आता खाली गेला असेल तर काम झालं.

आतलं ब्लूटूथ सोडून बाहेरचा छोटा डोंगल लावणार असाल तर एक लक्षात ठेवा. विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ रेडिओ चालवतं. आतलं अर्धमेलं ब्लूटूथ अधूनमधून जिवंत होत असेल तर ते डोंगलशी भांडेल आणि हेडफोन सारखे तुटतील. आधी आतलं बंद करा, मगच डोंगल लावा.